मानखुर्दची खाडी, मालवणचा समुद्र आणि एक हलकें जाकीट

मानखुर्दहून वाशीकडे जाणारी लोकल खाडीच्या पुलावर आली, म्हणजे दारांत उभ्या असलेल्या माणसांचें बोलणें क्षणभर थांबतें. मोटारींचा पहिला पूल येथें १९७३ सालीं झाला आणि रेल्वेगाडी १९९२ सालीं खाडी ओलांडूं लागली. ओहोटीच्या वेळीं दोन्ही बाजूंस काळाभोर चिखल उघडा पडतो. थंडीपासून उन्हाळ्यापर्यंत त्यावर रोहित पक्ष्यांच्या गुलाबी रांगा दिसतात. ठाण्याच्या या खाडीचा कांहीं भाग २०१५ सालीं त्यांच्यासाठीं अभयारण्य म्हणून राखला गेला, आणि २०२२ सालीं त्याची रामसर यादींत नोंद झाली. मानखुर्दची धूळ, गर्दी व दाट वस्ती रोज पाहणाऱ्या आम्हां रहिवाशांस ही दोन मिनिटांची मोकळी हवा फार मोलाची वाटते.

खाडींत कोळ्यांच्या होड्या असतात. जाळें पाण्यांत उभें राहावें म्हणून त्याच्या वरच्या कांठास बोये व खालच्या कांठास शिसें लावलेलें असतें. बोया वर ओढतो, शिसें खालीं ओढतें आणि दोहोंच्या ओढीनें जाळें ताठ राहतें. या दोन वस्तूंचा हिशेब पुढें आमच्याच घरांत पंधरा दिवस चालेल, असें मात्र मला कधीं वाटलें नव्हतें.

त्याचें असें झालें. पुतणीच्या हट्टानें आम्हीं दोघांनीं मालवणास राहून खोल पाण्यांत बुडी मारण्याचें रीतसर शिक्षण घेतलें. जवळच तारकर्लीस महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची अशा शिक्षणाची संस्थाहि आहे. पुढच्या सुटींत अंदमानास जाण्याचें ठरलें आणि प्रश्न उभा राहिला तो जाकिटाचा. पाठीवर हवेचें सिलिंडर पेलणारें आणि गरजेप्रमाणें फुगवितां वा रितें करतां येणारें हें जाकीट. पाणबुडे त्याला बीसीडी म्हणतात. सिलिंडर व शिसें बहुतेक ठिकाणीं भाड्यानें मिळतें. जाकीटहि मिळतें, पण तें आपल्या अंगाचें असेलच असें नाहीं, म्हणून तें स्वतःचें असावें असा पुतणीचा आग्रह होता. नेहमींचें जाकीट साडेतीन ते पांच किलो भरतें. प्रवासासाठीं केलेलें दोन ते तीन किलो. विमानांत बहुधा पंधरा किलो सामान नेतां येतें, तेव्हां हा फरक लहान नव्हे.

आमचें घर एकत्र, त्यामुळें खरेदी कोणाचीहि असो, चर्चा सर्वांची. दादांनीं स्वयंपाकघरांतला काटा आणला. वहिनींनीं किंमत विचारली व उत्तर ऐकून पुन्हा विचारली. आई म्हणाली, "आम्हांला विहिरींत पोहायला शिकवलें तें सुका भोपळा कमरेला बांधून. हें जाकीट म्हणजे तुमचा भोपळाच ना? पोरगी दमली तर तें तिला वर आणील ना?"

या साध्या प्रश्नाचें उत्तर मला तेव्हां नीट देतां आलें नाहीं. आज देतों, कारण जाकीट घेऊं पाहणाऱ्या प्रत्येकानें तें प्रथम जाणलें पाहिजे. भोपळ्याचें काम माणसाला वर ठेवण्याचें. जाकिटाचें काम त्याला मध्यें ठेवण्याचें, म्हणजे तो बुडूं नये आणि नकळत वर उचललाहि जाऊं नये. शुद्ध हरपलेल्या माणसाचें तोंड पाण्याबाहेर वळवून धरण्याची हमी तें देत नाहीं. तें होडीवरच्या जीवरक्षक जाकिटाचें काम. आणि खोलांतून श्वास कोंडून झपाट्यानें वर येणें तर फुप्फुसांना घातक आहे. म्हणून आईला खरें उत्तर हें, कीं पोरीला वर आणतें तें तिचें शिक्षण आणि तिचा जोडीदार. जाकीट त्यांस मदत करतें.

मग जाकिटाला उचलण्याची शक्ति किती हवी? उष्ण समुद्रांत सर्रास वापरलें जाणारें ॲल्युमिनियमचें सिलिंडर भरलेलें असतांना पाण्यांत किंचित् बुडतें. पण त्यांतील सुमारें अडीच किलो हवा श्वासावाटे संपत आली, कीं तेंच तरंगूं लागतें. म्हणून बुडीच्या शेवटींहि खालीं राहतां यावें इतकें शिसें सुरुवातीपासून कमरेला बांधावें लागतें आणि तो जादा भार आरंभीं जाकिटानें पेलावयाचा असतो. शिवाय अंगांतला रबरी पोशाख खोलांत चेपतो. दर दहा मीटरला पाण्याचा दाब एका वातावरणानें वाढतो. दहा मीटरवर तो पृष्ठभागाच्या दुप्पट, वीस मीटरवर तिप्पट. पोशाखांतील हवेचे बुडबुडे त्या मानानें आकसतात आणि त्याचा तरंगता गुण घटतो. हें सारें पेलून पुन्हा पृष्ठभागावर डोकें पाण्याबाहेर ठेवणें, एवढें काम जाकिटाचें. पातळ पोशाख व बेताचें शिसें असेल, तर मध्यम बांध्याच्या माणसास दहा ते पंधरा किलो उचलणारें जाकीट पुरतें. थंड समुद्रांतील जाड पोशाखाला हा हिशेब लागू नाहीं.

हलकें जाकीट हलकें होतें तें पाठीची कठीण फळी, जाड अस्तर, पोलादी कड्या आणि मोठे खिसे काढून टाकल्यानें. यांत एक अनपेक्षित लाभ आहे. जाड अस्तर स्वतःच तरंगतें आणि त्याला बुडविण्यासाठीं आणखी शिसें बांधावें लागतें. पातळ जाकिटांत तें वांचतें. तोटा असा, कीं मऊ पाठीवर सिलिंडर डुलूं शकतें. म्हणून सिलिंडरचा पट्टा रुंद व घट्ट आहे कीं नाहीं तें पाहावें, आणि जाकीट वर सरकूं नये यासाठीं दोन पायांमधून येणारा पट्टा असल्यास उत्तम.

पुतणीनें दुकानांत पोशाख चढवून चार जाकिटें घालून पाहिलीं आणि सव्वादोन किलोंचें एक निवडलें. मीं मात्र दादांच्या काट्याला प्रमाण मानलें. सर्वांत हलकें म्हणून एक माप लहान जाकीट घेतलें. तें तिच्यापेक्षां चारशें ग्रॅमनें कमी भरलें, आणि त्याचा मला अभिमानहि वाटला!

अंदमानापूर्वीं परीक्षा म्हणून आम्ही पुन्हा मालवणास गेलों. मानखुर्दहून लोकलनें पनवेल, तेथून कोंकण रेल्वेनें कुडाळ आणि पुढें मोटारीनें मालवण. किनाऱ्यावरून समोरच कुरटे बेटावरचा सिंधुदुर्ग दिसतो. १६६४ सालीं शिवाजीमहाराजांनीं त्याची पायाभरणी केली. आज त्याच्या आसपासच्या खडकांवर प्रवाळ व रंगीत मासे पाहण्यास माणसें पाण्यांत उतरतात. मानखुर्दच्या गढूळ खाडींत बोटभर खोलीचें दिसत नाहीं. येथें पाऊसकाळ सरल्यावर स्वच्छ दिवशीं आपलीं बोटें, मासे आणि तळाची वाळू एकाच नजरेंत येतात.

बुडी चांगली झाली. चूक कळली ती वर आल्यावर. होडी दुसऱ्या माणसांना घेण्यासाठीं जराशी दूर गेली होती आणि वारा उठला होता. जाकीट पुरतें फुगविलें, तरी पाणी हनुवटीला लागत होतें. कमरेला शिसें होतें आठ किलो. शिक्षकानें पांच पुरेत म्हणून सांगितलें होतें. पण पाण्यांत शिरतांना आपण वरच तरंगत राहूं या भीतीनें मीं तीन किलो आपल्या मतानें वाढविले होते. त्यांत लहान माप, पट्टा नाहीं. जाकीट वर सरकून कानांशीं आलें आणि प्रत्येक लाट तोंडावर. पुतणी शेजारींच निवांत तरंगत होती. तिनें माझा खांदा धरला आणि म्हणाली, "काका, शिसें सोडा." मीं पट्ट्याची कळ ओढली, शिसें तळाला गेलें आणि मी वर आलों. सगळा प्रकार दोन-तीन मिनिटांचा. पण त्यांत मला जें कळलें तें काट्यानें पंधरा दिवसांत कळलें नव्हतें. चारशें ग्रॅम पिशवींतून काढले आणि तीन किलो भीति कमरेला बांधली, असा माझा हिशेब होता.

म्हणून माझें सांगणें एवढेंच. वर्षांतून एखाद्या वेळीं शिक्षकाचा हात धरून बुडी मारणार असाल, तर जाकीट घेऊंच नका. घेणार असाल, तर आधीं शिसें ठीक करा. सिलिंडर जवळजवळ रिकामें असतांना, जाकीट पूर्ण रितें करून, साधा श्वास धरून पाण्यांत उभे राहा. पाणी डोळ्यांशीं यावें आणि श्वास सोडतांच तुम्ही हळूहळू खालीं जावें. एवढें शिसें पुरें. मग त्या भाराला पुरणारें व अंगाला बसणारें जाकीट शोधा. आणि अशा जाकिटांत जें हलकें असेल तें घ्या. काटा शेवटीं. घरीं आणल्यावर पुरतें फुगवून रात्रभर ठेवा. सकाळीं तितकेंच टणक असावें. समुद्रांतून आल्यावर आंतून-बाहेरून गोड्या पाण्यानें धुवा आणि आंतलें पाणी काढून टाका. ओलें जाकीट परतीच्या विमानांत वजनाला भारी पडतें; पण शेवटच्या बुडीनंतर किमान अठरा तास, शक्य तर पुरा दिवस विमानांत बसूं नये असा नियमच आहे. त्या अवधींत पातळ जाकीट सहज वाळतें.

अंदमानाहून परतल्यावर दोन्ही जाकिटें आमच्या गॅलरींतल्या दोरीवर लटकत होतीं. मी नवें, माझ्या मापाचें घेतलें होतें. पुतणीच्यापेक्षां तें जड आहे. तें लहान जाकीट कृश बांध्याच्या धाकट्या पुतण्याला दिलें. त्याला तें अगदीं बरोबर बसलें. दोष जाकिटाचा नव्हताच. आईनें दोहोंना हात लावून पाहिला आणि पुतणीला विचारलें, "काकाला घट्ट धरून ठेवलें होतेंस ना ग?"