निकाल नसलेला सामना

कबड्डीचा इतिहास चाळताना १९३६ सालापाशी एक ओळ हमखास भेटते: बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने हा खेळ जगाला दाखवला. ओळ तिथेच संपते. कोण जिंकलं, किती गुणांनी, काही नाही. नसणारच. प्रात्यक्षिक होतं ते. समोर उतरायला दुसरा देशच नव्हता.

युरोपातल्या एखाद्या गावच्या फुटबॉल क्लबाचं तसं नसतं. कोणत्या साली वरच्या गटात चढले, कोणत्या साली घसरले, दिवसभर कारखान्यात राबून शनिवारी बूट चढवणाऱ्या कोणत्या गड्याने किती गोल मारले, सगळं टिपलेलं. अमरावतीत अंबादासपंत आणि अनंत वैद्य या भावांनी १९१४ मध्ये आखाडा काढला, तो असल्या तक्त्यांसाठी नव्हता. पोरांची शरीरं कमावली की देश उभा राहील, हा त्या काळचा विश्वास. आज तो भाबडा वाटेल. पण शिवराम हरी राजगुरू याच आखाड्यात कसरत शिकून गेले, आणि पुढे लाहोरात काय घडलं ते शाळकरी पोरालाही ठाऊक आहे.

१९३६ च्या त्या ऑगस्टमधल्या बर्लिनच्या बाकी सगळ्या निकालांची मात्र चोख नोंद आहे. ७ तारखेला हिटलर फुटबॉल बघायला गेला. जर्मनीसमोर नॉर्वे, म्हणजे विजय खिशातच, अशी त्याच्या माणसांची समजूत. इसाक्सनने सुरुवातीलाच एक गोल ठोकला, शेवटाकडे दुसरा. सामना संपायच्या आतच स्वारी उठून गेली. दुसऱ्या दिवशी पेरूने ऑस्ट्रियाला जादा वेळेत ४-२ असं हरवलं, तर प्रेक्षक मैदानात घुसल्याचं कारण काढून सामना रद्द. पुन्हा खेळा म्हणाले. पेरूचा अख्खा चमू सामान बांधून घरी निघाला. चांगलं केलं त्यांनी. फुटबॉलचं सुवर्ण अखेर इटलीने नेलं. जेसी ओवेन्सची चार सुवर्णपदकं याच ऑलिम्पिकमधली, आणि १५ ऑगस्टला ध्यानचंद यांच्या संघाने हॉकीच्या अंतिम सामन्यात यजमानांना ८-१ असं धुतलं. या सगळ्या गदारोळात वऱ्हाडातून गेलेले गडी चढाई नि पकड करून दाखवत होते. चेंडू नाही, काठी नाही, जाळी नाही. भांडवल काय ते एका दमाचं. ज्याला त्याला जिंकायचंच होतं अशा शहरात हे लोक हार-जीत न करता खेळून आले. हॉकीचं सुवर्ण थोरच, पण या प्रात्यक्षिकाची गोडी काही और.

निकाल पुढे आले. १९९० मध्ये बीजिंगच्या आशियाई स्पर्धेत कबड्डीला जागा मिळाली आणि भारताने सुवर्ण घेतलं. मंडळाने शंभरी गाठली त्याच २०१४ साली प्रो कबड्डी सुरू झाली. मुंबईला संघ मिळाला, पुण्याला मिळाला, वऱ्हाडाला नाही. इथले सामने गावोगावचे, वजनी गटांचे. दिवसा वावरात, रात्री दिव्यांच्या उजेडात मैदानात. रोख बक्षीस असतं, पण त्यावर घर चालत नाही. व्यावसायिक म्हणावं तर नाही, हौशी म्हणावं तर तेही पुरतं नाही.

अमरावतीजवळच्या बडनेऱ्याहून मुंबईच्या दिशेने गाडीत बसलं की अकोला. तिथल्या पोट्ट्यांना वेड मात्र निकाल टिपणाऱ्या क्रिकेटचं. अकोल्याचा वेगवान गोलंदाज आदित्य ठाकरे २९ डिसेंबर २०१७ ला इंदूरमध्ये विदर्भाकडून पहिला प्रथमश्रेणी सामना खेळायला उतरला, तोच मुळी रणजी करंडकाचा अंतिम सामना, दिल्लीविरुद्ध. रजनीश गुरबानीने त्यात हॅटट्रिक घेतली, विदर्भाने नऊ गडी राखून करंडक पहिल्यांदाच जिंकला, आणि पुढच्याच महिन्यात आदित्यला १९ वर्षांखालील विश्वचषकासाठी न्यूझीलंडहून बोलावणं आलं.