आभा, म्हातारं माणूस घरी आलंय

चि. आभा,

गडमुडशिंगीहून लिहितोय. 27 सप्टेंबर 2021 ला डिजिटल आरोग्य मिशन देशभर सुरू झालं, तेव्हापासून तुझं कौतुक कानावर येतंय. तुझा 14 आकडी आरोग्य नंबर आणि त्यामागं माणसाचे सगळे रिपोर्ट. काम चांगलंच आहे. माझी तक्रार दवाखान्याच्या फाटकाबाहेरची आहे.

आमच्याकडचं म्हातारं माणूस कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयातून नाहीतर खासगी दवाखान्यातून सुटतं, तेव्हा रिक्षात इंग्रजी फाईल, गोळ्यांची पिशवी आणि ‘आठ दिवसांनी दाखवायला या’ एवढं सोबत असतं. घरी फळीवर आधीच्या गोळ्या असतातच. रक्तदाबाचं तेच औषध, फक्त कंपनी वेगळी, नाव वेगळं, रंग वेगळा. आजी दोन्ही गोळ्या इमानानं घेते आणि चार दिवसांत न्हाणीत चक्कर येऊन पडते. मग परत तोच वॉर्ड.

जुन्या-नव्या औषधांच्या दोन्ही चिठ्ठ्या तुझ्याकडं असू शकतात, दवाखान्यानं त्या तुझ्या नंबरला जोडल्या तर. पण त्या बघायची परवानगी ज्या मोबाईलवर मागितली जाते, तो बहुतेक घरांत मुलाचा, आणि मुलगा पुण्यात ड्युटीवर. आजीच्या साध्या फोनवर तुझा पत्ताच नाही.

आता आजीच्याच गल्लीतलं बाळ बघ. दवाखान्यात जन्मून घरी आलं की आशाताई 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी दारात येते. वजन करते, ताप बघते, आईला दूध येतंय का विचारते. या भेटींचे 250 रुपयेही ठरलेले. दवाखान्यातून आलेल्या सत्तरीच्या माणसासाठी असा एक तरी दिवस कॅलेंडरवर दाखव. 29 ऑक्टोबर 2024 पासून त्याला वय वंदना कार्डावर वर्षाला 5 लाखांपर्यंत उपचार आहेत, सुटल्यानंतरच्या 15 दिवसांच्या औषधांचा खर्चही त्यात धरलाय. खर्च धरणाऱ्याला हे 15 दिवस नाजूक असतात हे ठाऊक होतं म्हणायचं!

अमेरिकेत कोलोरॅडोच्या डॉ. एरिक कोलमन यांनी 2006 मध्ये एक प्रयोग छापला. शिकवलेलं एक माणूस सुटलेल्या वृद्धाच्या घरी जाई, जुन्या-नव्या गोळ्या समोर मांडून ताडून बघे, मग अधूनमधून फोन करी. परत भरती होणाऱ्यांचं प्रमाण घटलं. त्यांची नोंदवही कागदाची होती, बरं का. टोमणा नाही मारत. त्या माणसाला कुणाकडं कधी जायचं हे वेळेवर कळवायला तू कागदापेक्षा केव्हाही सरस.

तेव्हा घरच्यांची संमती घेऊन एवढं कर. डिस्चार्ज झाला की गावच्या आशाताईला आणि उपकेंद्रातल्या आरोग्य अधिकाऱ्याला निरोप धाड. मराठीत, कुठली गोळी बंद आणि कुठली चालू एवढाच. शंका आली तर ई-संजीवनीच्या व्हिडिओ कॉलवर डॉक्टरला गोळ्यांची पाकिटंच कॅमेऱ्यासमोर धरून दाखवता येतात. मात्र आशाताईच्या मोबाईलवर ॲपांची आधीच गर्दी आहे. आणखी एक फुकटात लादू नकोस, बाळाच्या भेटींसारखा म्हाताऱ्यांच्या घरभेटीचाही मोबदला लाव. आणि पहिली भेट तिसऱ्या दिवसाच्या पुढं ढकलू नको, आठव्या दिवसापर्यंत दोन्ही पाकिटं निम्मी संपलेली असतात.

कळावे,
गडमुडशिंगीचा एक म्हातारा