खडा

जबड्यातली पहिली मोठी दाढ सहाव्या वर्षाच्या सुमारास येते. ती दुधाची नसते; पडली की पुन्हा येत नाही. हे मला ती काढायच्या दिवशी कळलं. लहानपणी पडलेला प्रत्येक दात आजी शेणाच्या गोळ्यात घालून मला कौलांवर टाकायला लावायची. नवा येणारच, या खात्रीमुळे तेव्हा दात पडण्याचाही सोहळा व्हायचा. या वेळी तसं नव्हतं. रूट कॅनाल करून कॅप बसवलेली माझी दाढ मुळापर्यंत उभी चिरली होती. भुलीमुळे दुखलं नाही, पण ती सुटतानाची करकर कानांच्या आधी हाडांना ऐकू आली.

मग कितीतरी दिवस जीभ त्या खळग्याशी जात राहिली. रिकाम्या झालेल्या खोलीच्या दाराशी आपण विनाकारण थबकतो, तशी.

डॉक्टर म्हणाले, दात गेला की त्याला धरणारं हाडही हळूहळू झिजतं. हे वाक्य मी घरी घेऊन आलो. धरायला काही उरलं नाही की धरणारंही विरू लागतं, हे मी वडील गेल्यानंतर आईच्या बाबतीत पाहिलं होतं.

जखम भरल्यावर तिथे टायटॅनियमचा स्क्रू बसवला. त्यावर दात चढवायला आणखी चार महिने. "हाडाला त्याला धरू दे," एवढंच डॉक्टर म्हणाले. हाड धातूला धरतं, हे कुणी ठरवून शोधलेलं नाही. १९५०च्या दशकात स्वीडनमध्ये पेर-इंग्वार ब्रोनेमार्क सशाच्या हाडात टायटॅनियमचं छोटं उपकरण बसवून आतलं रक्ताभिसरण पाहत होते. काम झाल्यावर ते काढायला गेले, तर निघेना. हाड त्याला घट्ट चिकटलं होतं. प्रयोगातली ही अडचण त्यांनी नीट न्याहाळली. १९६५ साली योस्टा लार्सन या रुग्णाच्या जबड्यात त्यांनी असे स्क्रू बसवले आणि २००६ साली लार्सन वारले तोवर ते त्यांच्या उपयोगी पडत राहिले. परक्याला बाहेर ढकलणारं शरीर टायटॅनियमला मात्र शेजारी राहू देतं. फक्त सुरुवातीचे काही महिने त्याला हलवायचं नाही, त्याच्यावर भार टाकायचा नाही.

आता तिथे दात आहे. ज्वारीची भाकरी, भाजलेलं कणीस, सगळं चावतं. पण एक फरक उरला. खरा दात हाडात रुतलेला नसतो. बारीक तंतूंच्या झोळीत तो टांगलेला असतो, आणि त्या तंतूंतल्या नसांना दाताखालचा कणही कळतो. रोपण केलेल्या दाताला ही झोळी नाही. तो थेट हाडात उभा आहे, भक्कम आणि बराचसा मुका.

परवा भात खाताना त्याच बाजूला बारीक खडा आला. नव्या दाताला कळलं नाही. पुढच्या घासाला शेजारच्या जुन्या दाढेला कळलं आणि जबडा जागच्या जागी थांबला. मी घास बाहेर काढला. तांदूळ निवडताना आईच्या नजरेतून आता एखादा खडा सुटतो. मी तो ताटाच्या कडेला, तिला दिसणार नाही असा ठेवला आणि जेवत राहिलो.