गरी, तंगूस आणि एक नामंजूर अर्ज

गेल्या महिन्यात कुणीतरी इथं कोलवाळच्या जुन्या फेरीची आठवण लिहिली होती. ती वाचून मलाही लिहावंसं वाटलं. विषय मासे गरवण्याचा. म्हणजे सुरुवात तिथून, शेवट कुठं होईल ते बघू.

मी धारगळचा. जन्म १९५० चा, म्हणजे मुक्तीच्या वेळी अकरा वर्षांचा. पुढं पणजीला बी.कॉम. केलं, बँकेत लागलो आणि २०१० साली निवृत्त झालो. आमच्या गावाच्या दक्षिणेला शापोरा नदी. वर दोडामार्गाकडे हिलाच तिळारी म्हणतात. पलीकडे कोलवाळ, बार्देश तालुका. या नदीच्या काठावर माझं अर्धं बालपण गेलं. इंग्रजीत नदीच्या काठालाही बँकच म्हणतात. त्यामुळे माझी एकूण सर्व्हिस चाळीस नाही, साठ वर्षांची झाली असं मी घरी सांगतो. घरचे आता हसत नाहीत.

यंदा मे महिन्यात पुण्याहून नातू आला. वय सोळा. येताना कार्बनचा रॉड, ४००० नंबरची रील आणि डबाभर प्लास्टिकचे रंगीत मासे, म्हणजे ल्युअर, घेऊन आला. मोबाईलवर अमेरिकेतले बास मासे पकडायचे व्हिडिओ बघून सगळं शिकला होता. मला म्हणाला, "आजोबा, आपल्याकडे बास मिळतो का?"

म्हटलं, मिळतो की! आपला चोणक म्हणजे बासच. आशियाई सी बास. रायगडात त्याला जिताडा म्हणतात, बंगालात भेटकी, ऑस्ट्रेलियात बॅरामुंडी. मासा तोच. तुझ्या व्हिडिओतला अमेरिकन लार्जमाउथ बास वेगळ्या कुळातला, गोड्या पाण्यातला. आमचा चोणक गोड्यातही राहतो, खाऱ्यातही राहतो आणि अंडी घालायला पावसाळ्यात नदीच्या तोंडाकडे उतरतो. आणखी एक गंमत म्हणजे चोणक लहानपणी नर असतो आणि काही वर्षांनी मोठा झाला की मादी होतो. म्हणजे बाजारात आपण कौतुकानं बघतो तो आठ-दहा किलोचा चोणक ही बहुतेक वेळा मादीच. हे मला पन्नाशीनंतर कळलं. आधी कळलं असतं तर काही मोठे मासे पाण्यात परत सोडले असते.

पहिल्या संध्याकाळी नातवाला महाखाजनच्या बाजूला नेलं. खाजन शेताच्या बांधाला मानस असते, म्हणजे पाणी आत-बाहेर सोडायचं लाकडी दार. ओहोटी लागली की मानशीतून पाणी जोरात नदीत पडतं आणि त्याबरोबर सुंगटं, बारीक मासळी बाहेर येते. चोणक तिथंच तोंडाशी दबा धरून असतो. पण तो धारेत उभा राहत नाही. जोराचं पाणी आणि संथ पाणी जिथं एकमेकांना घासतात, त्या रेघेच्या संथ बाजूला असतो. पुलाच्या खांबामागं, खारफुटीच्या मुळांशी, बुडालेल्या ओंडक्याजवळ सगळीकडे हाच हिशोब. म्हणून गरी थेट माशाच्या डोक्यावर टाकायची नाही. धारेच्या वरच्या अंगाला टाकायची आणि पाण्यालाच ती खाली आणू द्यायची.

वेळेचा हिशोबही त्याला शिकवला. कोकणातला जुना ठोकताळा आहे. तिथीला तिनानं गुणा आणि चारानं भागा, की भरतीची वेळ येते. अष्टमीला आठ त्रिक चोवीस, भागिले चार, सहा वाजता भरती. पुनवेला किंवा अवसेला सव्वाअकरा. पुढची भरती साधारण साडेबारा तासांनी. हा हिशोब समुद्राच्या तोंडाचा. कोलवाळपर्यंत पाणी चढायला आणखी वेळ लागतो, तो ज्यानं त्यानं आपल्या जागेवर बसून शिकायचा. अवस-पुनवेला उधाण, पाणी जोरात. अष्टमीला भांग, पाणी मंद. चोणकाला वाहतं पाणी लागतं, म्हणून भांगाच्या दिवशी आम्ही घरीच बसायचो.

नातवानं तिसऱ्याच फेकीला चोणक लावला! पाण्यात 'ठप्प' असा आवाज आला. हा मासा चावत नाही, तोंड उघडून भक्ष्य पाण्यासकट आत ओढतो, त्याचा तो आवाज. रील किरकिरली, मासा एकदा हवेत उडाला, डोकं झाडलं आणि तंगूस सैल पडला. गुंडाळून बघितलं तर टोक सुरीनं कापल्यासारखं.

नातवाचं तोंड उतरलं. त्यानं पातळ ब्रेड लावला होता आणि गरी थेट त्यालाच बांधली होती.

इथं जरा तंगुसाचं सांगतो, नव्या मुलांना उपयोग होईल. आमचा साधा तंगूस म्हणजे नायलॉन. स्वस्त, जरा ताणला जातो, म्हणून झटका सोसतो. पण पाणी पितो, उन्हानं कमजोर होतो, वर्षभर वापरलेला टाकून द्यावा. ब्रेड म्हणजे बारीक धाग्यांची वेणी. तेवढ्याच ताकदीचा ब्रेड नायलॉनपेक्षा निम्म्याहून बारीक असतो, लांब जातो आणि ताणला जात नाही, म्हणून टोकाला सुंगट हललं तरी बोटाला कळतं. पण दगडावर किंवा कालवांवर घासला की लगेच तुटतो. चोणकाच्या तोंडात दात म्हणावे असे दात नाहीत, सँडपेपरसारखा खरखरीतपणा आहे. खरं हत्यार त्याच्या कल्ल्याच्या झाकणाला आहे, तिथली कड ब्लेडसारखी. म्हणून ब्रेडच्या टोकाला हात-दीड हात जाड तंगूस जोडायचा, चाळीस-पन्नास पौंडी. त्याला लीडर म्हणतात. फ्लोरोकार्बनचा असेल तर उत्तम, तो पाण्यात कमी दिसतो आणि घासणं जास्त सोसतो. गाठ आवळण्यापूर्वी थुंकीनं ओली करायची. कोरडी आवळली तर घर्षणाच्या उष्णतेनं तंगूस तिथंच कमजोर होतो. आणि प्रत्येक माशानंतर शेवटचा हातभर तंगूस दोन बोटांतून ओढून बघायचा. खरखर लागली तर कापून नवी गाठ मारायची. कंटाळा केलात तर पुढचा मासा गेला.

दुसऱ्या दिवशी लीडर जोडून झाला. मग नातवानं विचारलं, "आजोबा, ड्रॅग किती ठेवू?"

ड्रॅग म्हणजे रीलचा ब्रेक. मासा किती जोर लावल्यावर रीलनं तंगूस सोडायचा, ते त्या चकतीवर ठरवतात. पुस्तकातला नियम असा की तंगुसाच्या ताकदीच्या पाव ते एक तृतीयांश. वीस पौंडी तंगूस असेल तर पाच-सहा पौंड. मी म्हटलं, "पंचवीस टक्के. बँकेत कर्जाला आम्ही मार्जिन ठेवायचो तेवढंच."

बोलून गेलो आणि गप्प झालो. त्याचं कारण सांगण्यासाठी हा सगळा मजकूर लिहितो आहे.

मला गरवायला शिकवलं ते शेजारच्या आबानं. नाव लिहीत नाही, गावात त्यांची माणसं आहेत. आबाकडे ना रॉड होता ना रील. बाटलीला गुंडाळलेला तंगूस, टोकाला शिसं, एक गरी आणि तिला जिवंत सुंगट. सुंगट शेपटीकडून टोचायचं, म्हणजे ते जिवंत राहतं आणि पाण्यात तडफडतं. ड्रॅग म्हणजे आबाची दोन बोटं. मासा ओढू लागला की तंगूस बोटांतून सुटायचा, मासा थांबला की आबा ओढायचा. मी लहान होतो, उत्साहानं घट्ट धरायचो. आबा ओरडायचा, "वोडू नको रे पोरा! सोड, सोड!" पण एकदा मुळांशी तांबसो लागला आणि मी शिकल्याप्रमाणे सोडत गेलो, तर तो मुळांत शिरून तंगूस तोडून गेला. तेव्हा आबा म्हणाला, "तांबशाक सोडचो न्हय." म्हणजे कधी सोडायचं आणि कधी नाही, हे समोर कोण आहे त्यावरून ठरवायचं.

१९८३ साली मी आमच्याच तालुक्यातल्या एका शाखेत कर्जाचं टेबल सांभाळत होतो. नवीन नवीन अधिकारी झालेला. एके दिवशी आबा समोर येऊन उभा राहिला. स्वच्छ धुतलेला सदरा, हातात कागद. होडी आणि जाळ्यासाठी कर्ज हवं होतं, बारा हजार. आबा मुंडकार. घर भाटकाराच्या जमिनीत, आपल्या नावाचा एकही कागद नाही. मुंडकारांना संरक्षण देणारा कायदा १९७५ साली झाला होता, पण त्याखाली आपलं नाव नोंदवून घ्यायला आबा कधी गेलाच नव्हता. तारण नाही, जामीन नाही. मी अर्जावर तसा शेरा मारला आणि नामंजूर केला.

इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आलो की नियमात बसत नव्हतं. खरं म्हणजे बसवता आलं असतं. गावातला दुकानदार जामीन राहायला तयार होता, हे मला ठाऊक होतं. मी त्याला विचारलं नाही. शिफारशीच्या चार ओळी लिहून वर पाठवता आलं असतं, तेही केलं नाही. आपल्या गावचा माणूस, उद्या ऑडिटवाला बोट ठेवील, बढतीला अडेल, ही भीती. आबानं आयुष्यात कुणाचा पैसा बुडवला नव्हता, हे माझ्याइतकं त्या शाखेत दुसऱ्या कुणाला माहीत नव्हतं. आणि ते लिहायला अर्जात रकाना नव्हता.

त्याच संध्याकाळी आबानं नेहमीसारखी अंगणातून हाक मारली. "पोरा, भरती आयली. येतंस?"

मी डोकं दुखतं म्हणून सांगितलं.

पुढं आबानं एका मासळीच्या दलालाकडून आगाऊ पैसे उचलले. होडी आली, पण नंतर कित्येक वर्षं सगळी मासळी त्याच दलालाला, तो म्हणेल त्या भावानं. हे मला दिसत होतं. आबानं मला कधी एका शब्दानं बोलून दाखवलं नाही. मीच नदीवर जायचं सोडलं. बदल्या होत्या, मुलांच्या शाळा होत्या, कारणं पुष्कळ सापडली. सत्तावीस वर्षं मी पाण्यात गरी टाकली नाही. निवृत्त होऊन गावी आलो तेव्हा आबा नव्हता.

नातवाला हे सगळं बांधावर बसून सांगितलं. तो म्हणाला, "मग त्यांच्या घरी कुणाला सांगितलं का तुम्ही?" नव्हतं सांगितलं. आबाचा मुलगा रोज समोरून जातो, टॅक्सी चालवतो, मोपा विमानतळावर भाडी मारतो. बारा-तेरा वर्षं आम्ही पावसापाण्याच्या गप्पा करतो.

दुसऱ्या दिवशी गेलो. चहा आला. मी सरळ सांगितलं, तुझ्या बापाचा अर्ज मी नामंजूर केला होता आणि तो मंजूर करता आला असता. तो जरा वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "माका खबर आसा. बाबा म्हणी, पोराची नवी नोकरी, तो किते करतलो?"

एवढंच. मग आत जाऊन एक बाटली घेऊन आला. आबाचीच. वर गुंडाळलेला तंगूस पिवळा पडून कडक झालेला, टोकाला गंजलेली गरी. म्हणाला, घेऊन जा, आमच्याकडे आता कोण गरवतो?

तंगूस कामाचा नाही, बोटानं ओढला तरी तुटेल. बाटली ठेवली आहे. नातू पुण्याला जाण्यापूर्वी आम्ही तिच्यावर नवा नायलॉनचा तंगूस गुंडाळला, शिसं लावलं, आणि शेवटच्या संध्याकाळी तो रॉड न घेता बाटली घेऊन आला. दीड-एक किलोचा चोणक लागला. पोरानं दोन बोटांनी तंगूस सोडला, थांबला, ओढला. मी काही सांगितलं नाही. मासा आम्ही आबाच्या मुलाकडे दिला. त्याच्या बायकोनं रात्री त्यातलंच थोडं हुमण आमच्याकडे पाठवलं.

मंडळी, तुमच्या वाड्यावर अजून कुणी हातानं गरवतं का? बाटलीवर, लाकडावर, कशावरही गुंडाळलेला तंगूस असेल तर फोटो टाका. आणि एखाद्याचं काही सांगायचं राहून गेलं असेल, तर माणूस आहे तोवर जाऊन सांगून या. मला मुलापर्यंतच पोचता आलं.