वाणिज्य शाखा, गणित आणि माझी एक चूक

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने माझ्याकडे इतिहासावरील लेख मागितला होता. मी मात्र गणितावर लिहीत आहे. गणित हा माझा विषय नव्हे, एम.ए.ला इतिहास घेण्यामागे गणितापासून सुटका हेही एक कारण होते, हे पन्नाशी उलटल्यावर कबूल करण्यास हरकत नाही. परंतु निवासी शाळेत वर्गशिक्षकाला आपल्या विषयापुरते राहता येत नाही. दहावीचा निकाल लागला की मुले गुणपत्रिका घेऊन आमच्याकडेच येतात, कारण शाखा कोणती घ्यावी हे सांगणारे घरी कोणी नसते. त्या दिवशी आपण सहज बोललेले एक वाक्य त्या मुलाच्या पुढील कित्येक वर्षांवर परिणाम करून जाते.

2014 साली अशीच एक विद्यार्थिनी आली. पाथर्डी तालुक्यातील, आईवडील दरवर्षी ऊसतोडीला जाणारे. दहावीला तिने सामान्य गणित घेतले होते. (बोर्डाने त्या काळी तो पर्याय ठेवला होता, आणि शाळेचा निकाल घसरू नये म्हणून कच्च्या मुलांना आम्हीच तिकडे वळवीत असू.) त्यामुळे विज्ञान शाखेचा प्रश्नच नव्हता. "सर, कॉमर्सला गणित लागतं का?" तिने विचारले. मी म्हणालो, "नाही लागत. चिटणिसाची कार्यपद्धती घे, म्हणजे गणित टळतं." तिच्या चेहऱ्यावर जे समाधान दिसले ते मला अजून आठवते. माझ्याही चेहऱ्यावर तेच असावे.

नियमाच्या दृष्टीने मी खोटे बोललो नव्हतो. अकरावी-बारावीच्या वाणिज्य शाखेत गणित हा ऐच्छिक विषय आहे. ती बारावी चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झाली आणि नगरच्या एका महाविद्यालयात बीबीएला गेली. तेथे पहिल्याच वर्षी गणित-संख्याशास्त्राचा पेपर पुढे उभा राहिला. ती नापास झाली. पुन्हा बसली, पुन्हा नापास झाली. उन्हाळ्याच्या सुट्टीत ती शाळेत आली तेव्हा शिक्षण सोडण्याच्या विचारात होती. "तुम्ही म्हणाला होतात लागत नाही," एवढेच ती म्हणाली. त्यात तक्रारीचा सूर नव्हता, म्हणून ते अधिक लागले.

मी तिचे पुस्तक उघडून पाहिले. मध्य, मध्यगा, प्रमाण विचलन. सूत्रे तिला तोंडपाठ होती. ती कशासाठी आहेत हे तिला कोणी सांगितले नव्हते, आणि मलाही सांगता येत नव्हते. काय करावे ते न सुचून मी विचारले, "घरचं कसं आहे?" तेव्हा तिने पिशवीतून वडिलांची वही काढली. हंगाम नुकताच संपला होता. वडिलांनी मुकादमाकडून साठ हजारांची उचल घेतली होती. सहा महिन्यांच्या तोडणीतून पंचेचाळीस हजार फिटले, पंधरा हजार अंगावर राहिले. त्यावर शेकडा दोन रुपये महिना या दराने सहा महिन्यांचे व्याज लावले होते 7,200 रुपये. वडिलांनी मान डोलावली होती. हिशेब तर बरोबरच होता. साठ हजारांचे शेकडा दोनने महिन्याचे बाराशे, सहा महिन्यांचे बहात्तरशे.

इतिहासाचा शिक्षक असल्यामुळे ती वही पाहताच मला 1875 आठवले. त्या वर्षी 12 मे रोजी सुपे येथे (हे सुपे पुणे जिल्ह्यातील, आपल्या पारनेर तालुक्यातील नव्हे) शेतकऱ्यांनी सावकारांवर हल्ला चढविला आणि उठावाचे लोण आपल्या जिल्ह्यातही आले. पारनेर, श्रीगोंदा, नगर, कर्जत हे तालुके त्यात होते. जमावाला प्रामुख्याने हवे होते ते कर्जरोखे आणि खतपत्रे. ती हाती आली की त्यांची होळी होई. ज्याला कागद वाचता येत नाही त्याच्या हाती कागद जाळणे एवढाच उपाय उरतो, असे मी वर्गात सांगत आलो आहे. पुढे 1879 साली सरकारने दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा केला. त्यात न्यायालयाने व्यवहाराचा हिशेब मुळापासून तपासावा अशी तरतूद होती, आणि ऋणकोला पावती व हिशेबाचा उतारा मागण्याचा हक्कही होता. हे सारे मी वीसबावीस वर्षे शिकविले. पण माझ्या विद्यार्थिनीच्या घरातील हिशेब मुळापासून तपासण्याची वेळ आली तेव्हा मला तो येत नव्हता.

तो तिला आला. वहीकडे पाहता पाहता ती म्हणाली, "सर, पैसे तर दर पंधरवड्याला फिटत होते. मग व्याज पूर्ण साठ हजारांवर कसं?" कर्ज साठपासून पंधरा हजारांपर्यंत साधारण सारख्या गतीने उतरले असेल, तर सहा महिन्यांतील सरासरी कर्ज साडेसदतीस हजार, त्यावरील व्याज 4,500. म्हणजे 2,700 रुपये जास्त लावलेले. ज्या सरासरीच्या धड्यात ती दोनदा नापास झाली होती, तीच ही सरासरी! मी तिला तसे म्हणालो, तेव्हा ती थोडा वेळ काहीच बोलली नाही.

वडील मुकादमाकडे गेले. पूर्ण रक्कम सुटली नाही, थोडी सुटली. पुढच्या हंगामाची उचल त्याच माणसाकडून घ्यायची असल्यामुळे त्यांनी फार ताणले नाही.

वाणिज्य किंवा व्यवस्थापन शिकणाऱ्या मुलाला गणित किती लागते, या प्रश्नाकडे मी त्यानंतर गांभीर्याने पाहू लागलो. बारावीच्या वाणिज्य गणिताची दोन्ही पुस्तके आणून चाळली. एका भागात तर्कशास्त्र, सारण्या, विकलन, संकलन. दुसऱ्यात कमिशन, दलाली, विमा, निर्देशांक. दुसरा भाग तर कोणत्याही पतसंस्थेच्या रोजच्या कामाचा आहे. शेकडेवारी, गुणोत्तर, चक्रवाढ, सरासरी आणि तिच्याभोवतीचा विखुरलेपणा, आलेख, निर्देशांक इतके तर सूत्र न पाहता कोऱ्या कागदावर मांडता आलेच पाहिजे, असे माझे मत झाले आहे. विकलनाविषयी मी साशंक होतो. आमचे गणिताचे सहकारी म्हणाले, "आणखी एक नग तयार करायला किती खर्च येईल, हा प्रश्न म्हणजेच विकलन." कल्पना पटली. संकलनाची पन्नास उदाहरणे प्रत्येकाने सोडवलीच पाहिजेत, हे मात्र अजून पटलेले नाही.

येथे बाबासाहेबांचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. 1918 ते 1920 या काळात ते मुंबईच्या सिडनहॅम वाणिज्य महाविद्यालयात अर्थशास्त्राचे प्राध्यापक होते. 1925 पासून काही वर्षे बाटलीबॉय यांच्या लेखाशिक्षण संस्थेत ते व्यापारी कायदा शिकवीत. आणि 1953 साली पीपल्स एज्युकेशन सोसायटीने मुंबईत वाणिज्य व अर्थशास्त्राचे सिद्धार्थ महाविद्यालय काढले. जयंतीच्या भाषणांत हे सारे एका वाक्यात उरकते. 1918 सालच्या लहान शेतजमिनींवरील निबंधात त्यांनी दाखविले, की नुसत्या एकरांच्या आकड्यावरून शेत लहान की मोठे ते ठरत नाही. भांडवल, अवजारे, मनुष्यबळ यांच्याशी जमिनीचे प्रमाण काय, ते पाहावे लागते. यात अवघड गणित नाही, पण आकडा कशाच्या तुलनेत आहे हे विचारण्याची सवय आहे.

आणि एक गोष्ट उघडपणे लिहितो. ज्याच्या वडिलांचे मार्केट यार्डात दुकान आहे, त्याने गणित टाळले तर त्याचे फारसे बिघडत नाही. हिशेब त्याच्या घरातच असतो. आमच्या मुलांच्या घरी दुकान नाही. बँकेची परीक्षा, एमबीएची प्रवेश परीक्षा, सनदी लेखापालाची पहिली पायरी, सगळीकडे दारातच अंक उभे आहेत. म्हणून "तुला कशाला हवं गणित" हे वाक्य मायेने उच्चारले तरी आमच्या मुलांच्या बाबतीत ते दार लावून घेण्यासारखेच असते. मी ते मायेनेच उच्चारले होते.

तिसऱ्या प्रयत्नात तिचा तो पेपर सुटला. आज ती एका पतसंस्थेच्या कर्ज विभागात काम करते. गेल्या वर्षी वसतिगृहात आली असता मुलांनी तिला काही सांगण्याचा आग्रह केला. तिने फळ्यावर लिहिले : वीस हजार कर्ज, सरसकट बारा टक्के, वर्षभरात बारा सारखे हप्ते. व्याज किती? मुले एका सुरात म्हणाली, "चोवीसशे." मग तिने विचारले, "वीस हजार तुमच्याकडे वर्षभर होते का?" मुले गप्प झाली. मागच्या बाकावरील एक मुलगा बोटांवर मोजू लागला. सरासरी अकरा हजारांच्या आसपास होते, म्हणजे दर एकवीस-बावीस टक्क्यांवर गेला, इथपर्यंत यायला त्याला बराच वेळ लागला, जेवणाची घंटा होऊन गेली तरी कोणी उठले नाही.

या जूनमध्ये अकरावीच्या अर्जांवर सही करण्यापूर्वी मी त्या मुलाला गणिताच्या सरांकडे पाठविले आहे.