पणजीची रात्रपाळी, रत्नागिरीचा रक्तदाब

काकूंचा रक्तदाब काही केल्या आटोक्यात येईना. वय ७१, आहारात मीठ कमी, गोळ्या वेळेवर. तरीही सकाळी वरचा आकडा १७० च्या आसपास. मी दोनदा औषध वाढवले. जे पहिल्याच भेटीत विचारायला हवे होते, ते तिसऱ्या भेटीत विचारले, "काकू, झोप कशी आहे?"

"पहाटे मुलाचा फोन येईपर्यंत डोळा लागत नाही, डॉक्टर."

मुलगा पणजीला हॉटेलात आहे, एवढेच वाडीत ठाऊक होते. त्या दिवशी काकूंनी आवाज खाली आणून सांगितले, तो मांडवी नदीतल्या कॅसिनोच्या जहाजावर नोकरीला आहे. मुलगाच जुगारी झाल्यासारखा त्यांचा सूर होता. माझ्याही कपाळावर आठी उमटली असावी.

गोव्याने १९९२ मध्ये पंचतारांकित हॉटेलांतील खेळयंत्रांना आणि १९९६ मध्ये जहाजांवरील कॅसिनोंना कायद्याने वाट दिली. महाराष्ट्राने १९७६ साली केलेला कॅसिनो कायदा कधी अमलातच आला नाही. २०२३ मध्ये तो रद्द करण्याचा निर्णय झाला. त्यामुळे या व्यवसायात शिरणाऱ्या कोकणातल्या मुलाला पणजीच जवळची.

गणपतीत मुलगा आईसोबत दवाखान्यात आला. आधी पत्ते वाटणारा डीलर, मग टेबलांवर लक्ष ठेवणारा निरीक्षक, पुढे पिट बॉस आणि शिफ्ट मॅनेजर, अशी बढतीची पायरी त्याने समजावली. टेबल सोडताना दोन्ही तळवे उलटसुलट करून कॅमेऱ्याला दाखवावे लागतात, हेही त्याने करून दाखवले. काकू पाहतच राहिल्या. "म्हणजे रोज रिकाम्या हातांनी उठतोस?"

"रोज, आई."

जुगाराचे समर्थन मी करणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात जुगाराचे व्यसन हा आजार आहे आणि त्यात घरेच्या घरे बुडतात. परंतु खेळणारा निराळा आणि तिथे हिशेबाने, शिस्तीने नोकरी करणारा निराळा. हा भेद न केल्यामुळे एक आई लाजेने आणि काळजीने जागत होती.

मुलाची खरी काळजी घ्यायची ती रात्रपाळीची. झोप मोडते, वजन, साखर आणि रक्तदाब वाढण्याचा धोका असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने रात्रपाळीला २००७ मध्ये आणि पुन्हा २०१९ मध्ये संभाव्य कर्करोगकारकांत गणले आहे. मी त्याला सांगितले: दिवसा खोलीत पूर्ण अंधार करून सलग सात तास झोप, मध्यरात्री जड जेवण नको, पाळीच्या उत्तरार्धात चहा-कॉफी नको आणि वर्षातून एकदा तपासणी.

काकूंसाठी दोघांनी मिळून एक नियम ठरवला. पाळी संपली की तो फक्त संदेश पाठवील. काकू दहाला झोपतील आणि संदेश सकाळी पाहतील. निवांत बोलणे त्याच्या सुटीच्या दिवशी.

गेल्या आठवड्यात वरचा आकडा १४४ होता. अजून थोडा जास्तच. पण औषध वाढवावे लागले नाही.

वाचकहो, घरातले कोणी रात्रपाळीला असेल आणि तुम्ही त्याच्यासाठी जागत असाल, तर ते डॉक्टरांना आपणहून सांगा. आम्ही विचारायला विसरतो.