खेळयंत्राची लांब तार

विहिरीच्या रहाटाची लोक स्तुति करितात, पोहऱ्याचीहि करितात. दोराची मात्र फारशी कोणी करीत नाहीं. वास्तविक दोर हातभर आंखूड पडला, तर रहाट आणि पोहरा दोन्ही असून नसल्यासारखेच. उपनगरांतील विहिरी बहुतेक बुजल्या, परंतु आंखूड दोराची अडचण बुजली नाहीं. ती विजेच्या तारांच्या रूपानें घरोघरीं येऊन बसली आहे. अशाच एका तारेची हकीकत विद्यार्थी वाचकांस आणि त्यांच्या वडील मंडळींस सांगावी, असें आमच्या मनांत आहे.

ज्या यंत्राची ती तार, तें आजच्या मुलांनीं क्वचितच पाहिलें असेल. त्यांच्या वडिलांनीं मात्र खासच पाहिलें असेल. जपानांतील निन्टेन्डो कंपनीनें 15 जुलै 1983 रोजीं 'फॅमिली कॉम्प्युटर' नांवाचें, दूरदर्शन संचास जोडून खेळावयाचें यंत्र विक्रीस काढलें. पुढें त्याच्या अनेक नकला निघाल्या, आणि 1990 नंतरच्या दशकांत 'समुराई', 'लिटल मास्टर', 'टर्मिनेटर' अशा नांवांनीं त्या आपल्याकडील दिवाणखान्यांत येऊन पोंचल्या. खेळ ज्या डबींत भरलेला असे तिला मुलें कॅसेट म्हणत, आणि हातांत धरावयाच्या कळफलकास रिमोट.

मुलुंडास राहणाऱ्या आमच्या भाच्याच्या घरीं असें एक यंत्र त्याच्या वडिलांच्या शाळकरी दिवसांपासून जपून ठेविलेलें आहे. मागच्या पावसाळ्यांत हा सातवींतला मुलगा जिन्यावरून घसरला, मांडीचें हाड मोडलें, आणि तीन महिने त्यास खाटेवर पडून राहणें प्राप्त झालें. हाड जुळत होतें. मन मात्र जुळेना. जेवणाचें ताट तसेंच परत जाई. बहिणीनें आम्हांस बोलावून घेतलें व ती म्हणाली, "दादा, हा दिवसभर भिंतीकडे तोंड करून असतो. औषधाचें डॉक्टर पाहतात. ह्याचें तूं कांहीं तरी पाहा."

बापाचें यंत्र माळ्यावरून खालीं काढण्याची कल्पना त्या माउलीचीच. पण खाट खिडकीशीं, दूरदर्शन संच समोरच्या भिंतीशीं, आणि मध्यें चांगलें सहा हात अंतर. रिमोटची तार अवघी अडीच हात. यंत्रच खाटेशीं आणावें, तर त्या जुन्या कॅसेटी इतक्या नाजूक कीं, पलंगाचा जरा धक्का लागला तरी पडद्यावर नुसत्या चौकटी उमटाव्या. तेव्हां तार लांबविणें, हाच मार्ग राहिला.

घाटकोपरच्या एका दुकानांत आम्हांस तशी तार मिळाली. दोन्ही टोकांस नऊ टाचण्यांचा जोड होता, आणि रिमोट तिच्यावर उत्तम चालला. पण भाच्याचा जीव अडकला होता बंदुकींत! पडद्यावरील बदकें टिपण्याची ती प्लास्टिकची बंदूक त्या तारेवर मुकी झाली. दुकानदार म्हणाला, "बंदूक जुनी झाली, साहेब." त्याचें हें निदान आम्हांस पटलें नाहीं, कारण यंत्रास थेट लाविली असतां तीच बंदूक नीट चालत होती.

रिमोटवर कळा आठ असतात, पण त्याच्या दोरींत तारा पांचच. दोन विजेसाठीं, तिसरीनें यंत्र कळांची स्थिति टिपून घेण्याची आज्ञा देतें, चौथीनें एकामागून एक आठ ठोके देतें, आणि प्रत्येक ठोक्यास एकेका कळीची वर्दी पांचव्या तारेनें परत येते. आपल्याकडील संचावर हें सेकंदांत सुमारें 50 वेळां घडतें, म्हणजे वर्द्या झाल्या 400. बंदुकीच्या वर्द्या ह्याहून निराळ्या तारांनीं जातात: एक घोड्याची, एक उजेडाची. घोडा दाबतांच पडदा क्षणभर काळा होतो, मग बदकाच्या जागीं पांढरा चौकोन चमकतो, आणि नळींतील डोळ्यानें तो पाहिला तर नेम लागला. हा डोळा जुन्या कांचेच्या नळीच्या संचावरच चालतो. आजच्या सपाट पडद्यास तो ओळखीत नाहीं. घाटकोपरच्या तारेंत पोटांत पांचच तारा होत्या, उरलेल्या चार टाचण्या केवळ शोभेच्या!

मग दादरास गाडी बदलून आम्ही ग्रँट रोडला उतरलों. डॉ. भडकमकर मार्गावर, म्हणजे जुन्या लॅमिंग्टन रोडवर, विजेच्या सुट्या भागांचीं दुकानें ओळीनें आहेत. तेथील एका वृद्ध कारागिरानें मीटरच्या दोन सुया टाचण्यांवर टेकवून, नऊच्या नऊ तारा सरळ गेल्याची शिट्टी आम्हांस ऐकविली. संगणकाच्या कांहीं तारांतहि नेमका हाच जोड असतो, पण त्यांत दुसरी व तिसरी तार मुद्दाम अदलाबदल केलेली असते, हेंहि त्यानेंच सांगितलें. सेगाच्या मेगा ड्राइव्हचा जोडही दिसावयास असाच. त्याच्या पांचव्या टाचणीवर मात्र 5 व्होल्ट खेळत असतात. जोड बसला म्हणजे नातें जुळलें, असें मानणाऱ्यांनीं सावध असावें.

त्या संध्याकाळीं पहिलें बदक पडलें. बहीण पोळ्या टाकून बाहेर आली, आणि बराच वेळ दाराशींच उभी राहिली. त्या रात्रीं ताट धुवावयास रिकामें गेलें.

दोन दिवसांनीं भाचा विचारतो, "मामा, तार लांब होते, तर कॅसेटच लांब तारेवर घेऊन उशाशीं कां ठेवूं नये?" प्रश्न मार्मिक होता. कॅसेटच्या जोडास 60 पट्ट्या असतात, आणि यंत्राचा मेंदू सेकंदास सुमारें 18 लाख ठोक्यांच्या वेगानें तिच्यांतून वाचीत असतो. इतक्या घाईच्या निरोपांस लांबची वाट सोसत नाहीं. ते उशिरा पोंचतात किंवा एकमेकांत मिसळतात. म्हणूनच सेगानें 1991 मध्यें मेगा-सीडी व 1994 मध्यें 32-एक्स हीं जोडयंत्रें काढलीं, तीं मूळ यंत्रास अगदीं चिकटूनच बसविलीं, एक खालीं अथवा बाजूस, दुसरें वर. त्या मनोऱ्यास विजेचे तीन वेगळे अडॅप्टर लागत, आणि चित्रासाठीं मेगा ड्राइव्हपासून 32-एक्सपर्यंत आणखी एक आंखूड तार. उलट निन्टेन्डोनें 1986 मध्यें काढलेल्या तबकडीयंत्रास दोरी चालली, कारण तबकडीवरील मजकूर एकेक अक्षर रांगेनें येई. कॅसेटच्या जागीं बसणारा जोडठोकळा तो सांठवून मग मेंदूच्या वेगानें पुढें देई.

हें सारें भाच्यानें वहींत उतरून घेतलें, आकृतीसह. घाटकोपरची तारहि वायां गेली नाहीं. ती रिमोटास लाविली. दोन्ही दिसावयास सारख्याच, म्हणून त्यानें त्यांस दोऱ्यानें चिठ्ठ्या बांधल्या आहेत: एकीवर 'पांच', दुसरीवर 'नऊ'.